मोठा नग आधी उचलला म्हणून वाटे सारखे पडत नाहीत

सर्वांत मोठा नग आधी उचलून दर वेळी हलक्या वाट्यात टाकत गेले की वाटे नेमके सारखे होतात, हा समज बंदरापासून प्रोग्रामरांपर्यंत रुळलेला असला तरी चुकीचा आहे. समजा, हर्णैच्या वाळूत 8, 7, 6, 5 आणि 4 किलोच्या सुरमया दोन वाटेकऱ्यांसाठी मांडल्या. (कापून वाटल्या तर प्रश्नच मिटेल, पण कापलेल्या सुरमईला लिलावात भाव कोण देणार?) वरच्या रीतीने चार सुरमया वाटून दोन्ही वाटे 13 किलोंवर येतात आणि शेवटची 17 विरुद्ध 13 असा घोळ करून ठेवते, 8 व 7 एकत्र ठेवल्या असत्या तर 15-15 झाले असते.

रीत टाकाऊ मात्र नाही: दोन वाट्यांत जड वाटा सर्वोत्तम वाटणीतल्या जड वाट्याच्या 7/6 पटीपलीकडे जात नाही, हे गणितज्ञ रोनाल्ड ग्रॅहॅम यांच्या 1969 च्या सिद्धतेतून निघते. दोन सर्वांत मोठे नग वेगवेगळ्या वाट्यांत जाणार असे ठरवून त्यांच्या जागी त्यांचा फरक ठेवत जाण्याची संगणकशास्त्रज्ञ नरेंद्र करमरकर व रिचर्ड कार्प यांची रीत इथे 16 आणि 14 देते. सगळ्या वाटण्या तपासायच्या तर पाच नगांना 16 पुरतात, 40 नगांना सुमारे 55 हजार कोटी लागतात; म्हणून वजने लहान पूर्णांकांत असतील तर एकेक नग घेत कोणकोणत्या बेरजा जमतात याचा तक्ता भरत जावा, एरवी फरकाची रीत मला पुरेशी वाटते.