ॲम्परनेट : घरगुती जाळ्याची जोडणी

परवानाधारक हौशी रेडिओचालकांसाठी, म्हणजे हॅमसाठी, राखून ठेवलेल्या आणि ४४ या आकड्याने सुरू होणाऱ्या इंटरनेट पत्त्यांवर उभ्या राहिलेल्या जागतिक जाळ्याला ॲम्परनेट किंवा ४४नेट म्हणतात. हौशी रेडिओचालक हँक मॅग्नस्की यांच्या मागणीवरून १९८१ मध्ये हे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते मिळाले. त्यांतील चौथा हिस्सा २०१९ मध्ये ॲमेझॉनला विकला गेला आणि त्यावरून हॅममंडळींत बराच वादही झाला.

पॅकेट रेडिओची, म्हणजे माहिती छोट्या तुकड्यांत (पॅकेटांत) रेडिओवरून पाठवणारी, केंद्रे एकमेकांच्या टप्प्याबाहेर असल्यामुळे ती इंटरनेटवरून सांधावी लागली. त्यासाठी ४४ चे पॅकेट दुसऱ्या साध्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवतात. हा आयपीआयपी (आयपी पॅकेटमध्ये आयपी पॅकेट) बोगदा होय. कोणते पत्ते कोणत्या प्रवेशद्वारामागे (दोन जाळी जोडणाऱ्या संगणकामागे) आहेत, याची माहिती सॅन दिएगो येथील विद्यापीठातील मुख्य प्रवेशद्वार अनेक वर्षे ठरावीक अंतराने प्रसारित करत आले आणि तिच्या आधारे प्रवेशद्वारे परस्परांशी थेट बोलू लागली.

घरी जोडणी करणारा चालक परवाना पडताळून पत्त्यांचा लहानसा गट घेतो, घराचा सार्वजनिक पत्ता नोंदवतो आणि बहुधा रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाला प्रवेशद्वार बनवतो. खरी अडचण रेडिओची नसून घरच्या राउटरची असते. आयपीआयपी ना टीसीपी, ना यूडीपी, म्हणजे इंटरनेटवरील नेहमीच्या दोन वाहतूक-पद्धतींपैकी एकही नाही. तो स्वतंत्र, ४ क्रमांकाचा प्रोटोकॉल असून त्याला पोर्टच, म्हणजे पॅकेट कोणत्या सेवेसाठी आहे हे सांगणारा क्रमांकच, नसतो. त्यामुळे नेहमीचे पोर्ट फॉरवर्डिंग (ठरावीक पोर्टवर आलेली वाहतूक घरातील एका संगणकाकडे वळवणे) निरुपयोगी ठरते आणि त्या संगणकाला राउटरच्या डीएमझेडमध्ये, म्हणजे बाहेरून येणारी इतर सगळी वाहतूक जिकडे सोडली जाते त्या जागी, ठेवावे लागते. काही राउटर तेवढ्यानेही दाद देत नाहीत. इंटरनेट सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला असेल, तर हा मार्ग बंदच होतो.

बोगदा उघडल्यावरही उत्तरे हरवतात. ४४ चा पत्ता लावून नेहमीच्या वाटेने निघालेले पॅकेट सेवादाता बनावट समजून टाकून देऊ शकतो. म्हणून त्या पत्त्यावरून निघणाऱ्या पॅकेटांसाठी वेगळा मार्गतक्ता ठेवून ती बोगद्यातूनच परत पाठवावी लागतात. बोगद्याचे वेष्टन २० बाइट खाते, म्हणून पॅकेटच्या आकाराला १५०० ऐवजी १४८० बाइटांची मर्यादा धरतात.

हौशी रेडिओच्या लहरपट्ट्यांवर मजकुराचा अर्थ लपवणारे कूटलेखन सामान्यतः निषिद्ध असल्याने घरातील फोन आणि संगणकांची कूटबद्ध वाहतूक चुकूनही ॲन्टेनापर्यंत पोहोचू नये, यासाठी प्रवेशद्वाराच्या रेडिओकडील बाजूला नको ती वाहतूक अडवणारी फायरवॉल लावतात.