आडव्या संवेगाचा आलेख: फर्मीपासून एलएचसीपर्यंत

दोन जड अणुकेंद्रकं प्रकाशवेगाच्या जवळपास जाऊन आदळली की हजारो कण बाहेर पडतात. त्यातला झोताच्या दिशेचा संवेग आधीपासूनच होता. झोताला काटकोनातला, म्हणजे आडवा संवेग मात्र टकरीआधी जवळजवळ शून्य होता, तो टकरीतूनच जन्मतो. म्हणून आत काय घडलं हे शोधताना आधी त्याच्या वितरणाकडे पाहतात.

या वितरणामागच्या विचाराची सुरुवात मोठ्या प्रवेगकांच्या आधीची आहे. १९५० साली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मीने मांडलं की टकरीची सगळी ऊर्जा एका इवल्याशा आकारमानात कोंडली जाते आणि कण संख्याशास्त्राच्या नियमांनी बाहेर पडतात. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ लेव्ह लँडाऊने १९५३ मध्ये त्यात दुरुस्ती सुचवली: ते द्रव्य आधी द्रवासारखं प्रसरण पावतं, मग त्याचे कण होतात. वैश्विक किरणांच्या नोंदी मात्र कोड्यात टाकत होत्या. टकरीची ऊर्जा कितीही वाढली तरी सरासरी आडवा संवेग फारसा वाढत नव्हता. १९६५ साली सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत रॉल्फ हागेडॉर्नने याचं उत्तर दिलं. वस्तुमान वाढेल तसे कणांचे प्रकार घातांकी वेगाने वाढतात, त्यामुळे जादा ऊर्जा तापमान वाढवण्याऐवजी नवे, जड कण घडवण्यात खर्च होते. तापमान सुमारे १६० एमईव्हीवर (दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट; इथे तापमान ऊर्जेच्या एककात मोजतात), म्हणजे दोन लाख कोटी केल्विनच्या आसपास अडतं. मला ही कल्पना या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी वाटते.

पण १९७०च्या दशकात सर्नच्या आयएसआर या टक्कर-यंत्रावर दिसलं की मोठ्या संवेगाला, ठरावीक तापमानातून येणाऱ्या आणि झपाट्याने घटणाऱ्या घातांकी सूत्रापेक्षा कितीतरी जास्त कण मिळतात. आलेखाची ही शेपटी प्रोटॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑन कणांच्या थेट धडकांची होती. दोन्ही टोकं जोडणारं सूत्र हागेडॉर्ननेच १९८३ मध्ये वापरलं. ब्राझीलमधल्या त्सालिसने १९८८ साली मांडलेल्या एन्ट्रॉपीच्या (अव्यवस्थेच्या मापाच्या) नव्या सूत्रातूनही तशाच रूपाचं वितरण निघतं आणि आज स्टार, फेनिक्स, अ‍ॅलिस, सीएमएस असे मोठे टक्कर-प्रयोग सगळेच ते वापरतात. मात्र वक्र छान बसला म्हणजे कारण कळलं असं नाही. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीतही हे सूत्र बसतं आणि तिथे औष्णिक समतोल (सगळीकडे एकच तापमान) खरंच येतो का, हा वादाचा मुद्दा आहे. त्यातल्या 'तापमाना'ला तापमान म्हणताना जपून राहायला हवं.

जड केंद्रकांत आणखी एक गोष्ट भरीला येते: सामूहिक प्रवाह. अमेरिकेतल्या बर्कलीच्या टकरींमध्ये प्रोटॉनच्या आलेखाचा उतार हलक्या पायॉन कणांपेक्षा सौम्य का, याचं स्पष्टीकरण सीमेन्स आणि रासमुसेन यांनी १९७९ साली स्फोटलाटेच्या प्रतिमानाने दिलं. सगळे कण एकाच वेगाने बाहेर ढकलले गेले तर जड कणाला संवेग जास्त मिळतो. श्नेडरमान, झोलफ्रांक आणि हाइन्झ यांनी १९९३ मध्ये त्याला आजचं रूप दिलं. सर्नच्या एलएचसी या महाप्रवेगकावरच्या, आयआयटी मुंबईचाही सहभाग असलेल्या अ‍ॅलिस प्रयोगाने २.७६ टीईव्हीच्या (लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट) समोरासमोरच्या शिसे-शिसे टकरींत या प्रतिमानाने सरासरी प्रवाहवेग प्रकाशवेगाच्या सुमारे ६५ टक्के आणि तापमान सुमारे ९५ एमईव्ही काढलं. त्यासाठी पायॉनचे ०.५ ते १ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) आडव्या संवेगाचे एवढेच बिंदू धरले होते, कारण त्याखाली अल्पजीवी कणांच्या क्षयातून आलेले पायॉन मिसळतात. हे आकडे वाचताना ती मर्यादा सोबत वाचावी.