वजन टिकत नाही म्हणतात: ‘९५ टक्के अपयशा’ची पूर्वपीठिका

घटवलेले वजन टिकत नाही आणि प्रयत्न करणाऱ्यांपैकी ९५ टक्के लोक पुन्हा मूळ वजनावर येतात, हे विधान इतक्या वेळा केले गेले आहे की त्याला आधार मागण्याचे कुणाला सुचत नाही. त्याचा माग काढत गेल्यास बहुधा १९५९ सालच्या एका अमेरिकी शोधनिबंधापाशी पोहोचता येते. ॲल्बर्ट स्टंकार्ड आणि मेव्हिस मॅक्लारेन-ह्यूम यांनी न्यूयॉर्क हॉस्पिटलच्या पोषण-चिकित्सालयात आलेल्या १०० स्थूल रुग्णांचे पुढे काय झाले, हे त्यात पाहिले होते. केवळ १२ जणांचे वजन २० पौंडांनी, म्हणजे सुमारे ९ किलोंनी, उतरले आणि दोन वर्षांनंतर तेवढी घट राखणारे दोघेच उरले.

आकड्यांबद्दल तक्रार नाही. ‘उपचार’ कशाला म्हटले, हे मात्र पाहायला हवे. या रुग्णांना आहारतक्ता देऊन घरी पाठवले गेले होते, आणि नुसत्या तक्त्याने किती जणांचे वजन उतरते हे वेगळे सांगायला नको. स्वतः स्टंकार्ड यांनीही चाळीस वर्षांनंतर, हा निबंध अजून पुरावा म्हणून दिला जातो याचे आश्चर्य व्यक्त केले होते.

१९९४ मध्ये अमेरिकेत रीना विंग आणि जेम्स हिल या संशोधकांनी किमान ३० पौंड घटवून ती घट निदान वर्षभर टिकवलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली आणि तिच्यात पुढे दहा हजारांहून अधिक नावे आली. ही माणसे आपणहून नोंद करणारी असल्याने यशाचे प्रमाण त्यातून काढता येत नाही, पण ‘अशक्य’ या शब्दाला ती पुरेशी हरकत आहे.

निराशेला नवे बळ मिळाले ते २०१६ मध्ये. ‘द बिगेस्ट लूझर’ या दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ जणांची सहा वर्षांनी तपासणी केली असता, त्यांचे शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करते, असे दिसले. हा परिणाम गंभीर आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. परंतु वजनातील ही घट अत्यंत झपाट्याने, कठोर व्यायामाने साधलेली होती, आणि बरेचसे वजन परत येऊनही या गटाचे सरासरी वजन आरंभापेक्षा सुमारे १२ टक्के कमीच होते, ही बाब मथळ्यांत आली नाही.

‘लुक अहेड’ या पाच हजारांहून अधिक मधुमेहींवरील चाचणीत, दीर्घ पाठपुरावा मिळालेल्या गटातील निम्म्या लोकांनी आठव्या वर्षी किमान ५ टक्के घट राखली होती. केवळ माहितीपर बैठका मिळालेल्या तुलनागटातही असे सुमारे ३६ टक्के निघाले.