ऑक्सरचा मागचा दांडा: घरच्या उडी-साहित्यातील टिकाऊपणाची पार्श्वभूमी

शो जंपिंग, म्हणजे घोड्यावरून अडथळे उडून पार करण्याची स्पर्धा, यात ‘ऑक्सर’ म्हणजे एकामागे एक अशा दोन दांड्यांचा रुंद अडथळा. या शब्दाचे मूळ गुरांच्या कुंपणात आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधील मोकळी राने कुंपणांनी वाटली गेली, तेव्हा कुरणांचे मालक काटेरी झुडपांच्या कुंपणापासून थोड्या अंतरावर एक भक्कम आडवा वासा ठोकून ठेवत. त्यामुळे बैलांना अंग घासून किंवा पाला ओरबाडून कुंपण मोडता येत नसे. कोल्ह्याच्या शिकारीला निघालेल्या स्वारांना मात्र झुडूप आणि वासा ही दोन्ही एकाच झेपेत पार करावी लागत. तो वासा टिकाऊ होता, आणि टिकाऊ याचा अर्थ तेथे एवढाच होता की बैलाच्या धक्क्याने तो हलता कामा नये. घोडा त्याला अडकला तर घोडा पडे आणि वासा जागच्या जागी राही. घरच्या मैदानासाठी साहित्य घेताना ‘टिकाऊ’ हा शब्द आजही ज्या गोंधळाने वापरला जातो, त्याची सुरुवात या वाशापाशी आहे.

पुढचा टप्पा थोडक्यात सांगता येतो. 1866 मध्ये पॅरिसला आणि 1868 मध्ये डब्लिनला उडीच्या जाहीर स्पर्धा झाल्या. डब्लिनची स्पर्धा शिकारी घोड्यांची पारख करण्यासाठीच होती. 1900 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये उडीचे प्रकार घेतले गेले आणि 1912 च्या स्टॉकहोमपासून आजच्या स्वरूपाचे शो जंपिंग तेथे रुजले. याच काळात एका इटालियन घोडदळ अधिकाऱ्याने पुढे झुकून उडी घेण्याची बैठक रूढ केली आणि घोड्याला पाठ व मान मोकळी वापरता येऊ लागली. अडथळे मात्र अजून शेतातल्या कुंपणांच्याच नकला होते. ब्रिटनमध्ये तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत वरच्या दांड्यावर एक पातळ लाकडी पट्टी ठेवत आणि ती खाली पडली की दोष, म्हणजे दंडाचे गुण, धरत. घोड्याने स्पर्श केला की नाही हे त्या पट्टीवरून कळे, पण खालचा दांडा किती सहज निसटतो याचा विचार तिच्यात नव्हता. महायुद्धानंतर ही पट्टी गेली, दांडा प्रत्यक्ष पडला तरच चार दोष हा हिशेब सर्वत्र स्थिर झाला आणि तेव्हापासून सगळे लक्ष दांडा ज्यावर टेकतो त्या लहानशा कपाकडे वळले.

या कपाविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण घरच्या मैदानावरील सर्वात वादग्रस्त निर्णय त्याचाच आहे. दांडा कपात फिरता राहिला पाहिजे आणि कपाची खोली किमान 18 मिलिमीटर असावी, असे आंतरराष्ट्रीय नियम सांगतात. फळ्या आणि फाटकांसाठी त्याहून उघडे किंवा अगदी सपाट आधार लागतात, कारण फळी गोल दांड्यासारखी घरंगळत नाही. घोड्याचा पाय समोरून लागला तर अशा उथळ कपातून दांडा पुढे निसटतो आणि अपघात टळतो. परंतु ऑक्सरचा मागचा दांडा वेगळ्याच रीतीने आदळतो. झेप आखूड पडली की घोडा दोन दांड्यांच्या मध्ये उतरू लागतो आणि त्याचे पाय किंवा पोट मागच्या दांड्यावर वरून दाबले जाते. खाली जाणाऱ्या दांड्याला साधा कप वाट देत नाही, कारण त्याचा तळच त्याला अडवतो. अशा वेळी तो जुना बैलांचा वासा जणू पुन्हा उभा राहतो. म्हणून ठरावीक भार वरून पडताच स्वतः खाली कोसळणारा किंवा सुटणारा सुरक्षा-कप तयार झाला, आणि रुंद अडथळ्याच्या मागच्या दांड्याखाली तो वापरणे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बंधनकारक झाले. तिहेरी दांड्यांच्या अडथळ्यात मधल्या दांड्यालाही तोच नियम लागू आहे.

हे बंधन स्पर्धांपुरते आहे; घरच्या कुंपणाआड कोणी पंच नसतो. घरी सुरक्षा-कप नको म्हणणाऱ्यांचे आक्षेप दोन आहेत. पहिला खर्चाचा आहे. दुसरा आक्षेप असा की ज्या कपात सुटणारी यंत्रणा आहे तो टिकाऊ नव्हे: वाळू अडकते, गंज चढतो, आणि एकसंध लोखंडी कप मात्र वर्षानुवर्षे चालतो. हा दुसरा आक्षेप खरा आहे आणि तरीही तो निर्णायक ठरू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. घोड्याच्या आयुष्यातील बहुतेक उड्या स्पर्धेत होत नाहीत, त्या घरी सरावात होतात. तेथे घोडा अननुभवी असतो, स्वार अनेकदा लहान मूल असते आणि जवळ मदतीला माणसे कमी असतात. यंत्रणा बिघडू शकते म्हणून ती दर आठवड्याला झाडून, तेल देऊन, हाताने दाबून पाहावी लागते, आणि हे काम वाढते हे मान्यच आहे. वाऱ्याने दांडे पडू नयेत म्हणून मुद्दाम खोल कप बसवणे किंवा खांबाला लांब खिळे ठोकून त्यांवर दांडा टेकवणे ही जी सोय घरोघरी केली जाते, ती मात्र कोणत्याही सबबीखाली समर्थनीय नाही. रिकामे कप खांबावर तसेच ठेवण्याची सवयही तितकीच वाईट, कारण त्यांच्या कडांनी घोड्याची कातडी आणि स्वाराचा गुडघा दोन्ही फाटू शकतात.

दांड्याच्या वजनाचा वादही याच गोष्टीला जोडलेला आहे. दहा सेंटिमीटर जाडीचा, साडेतीन मीटर लांबीचा पाइनचा दांडा साधारण चौदा किलो भरतो. त्याच मापाचा पोकळ प्लॅस्टिकचा दांडा त्याहून बराच हलका असतो. जड दांड्याला घोडा जपतो, हलक्याला जपत नाही, असे जुन्या प्रशिक्षकांचे म्हणणे आहे आणि त्यात अनुभवाचा अंश आहे. पण या विचाराची दुसरी बाजू जर्मनीत उघडी पडली. 1990 मध्ये एका नामांकित तबेल्यातील चित्रफीत प्रसिद्ध झाली, आणि उडीच्या क्षणी दांडा वर उचलून घोड्याच्या पायांवर आदळण्याच्या प्रथेवर देशभर संताप उसळला. त्यानंतर आदळणे आणि हलका स्पर्श करणे असे दोन शब्द वेगळे काढले गेले: पहिले निषिद्ध, दुसरे ठरावीक मापाच्या हलक्या दांड्याने आणि अनुभवी हातांनी मान्य. शब्दांची ही फोड तीस वर्षे टिकली. जानेवारी 2022 मध्ये एका दूरचित्रवाणी वृत्तांताने तिच्या आडून काय चालू शकते हा प्रश्न पुन्हा समोर आणला, आणि पुढे ती सवलतही काढून घेण्यात आली. घोड्याला वेदनेने सावध करण्याचा हेतू एकदा बाद ठरल्यावर केवळ तेवढ्यासाठी जड दांडा निवडण्याचे कारण उरत नाही. वाऱ्यात जागेवर राहणे आणि पडल्यावर न फुटणे ही कारणे मात्र उरतात.

कॅव्हलेटीचा इतिहास असाच बोधक आहे. दोन टोकांना फुलीच्या आकाराचे लाकूड जोडलेले हे बुटके अडथळे पिढ्यानपिढ्या एकावर एक रचून उंच उडी केली जात असे. फुलीत दांडा घट्ट बांधलेला असल्यामुळे घोड्याचा पाय लागला की अख्खा ढीग त्याच्या पायांखाली लोळत येई. ही साधने न मोडता वर्षानुवर्षे टिकत, आणि धोका नेमका त्यात होता. आता बहुतेक ठिकाणी फुलीच्या जागी पोकळ प्लॅस्टिकचे ठोकळे आले आहेत. त्यांच्या खोबणीत दांडा नुसता टेकलेला असतो.

लाकूड टिकवण्याच्या उपायांनीही अनेक वर्षे घोड्याकडे दुर्लक्ष केले. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने मुरवलेले लाकूड वाळवीला आणि बुरशीला पुरून उरते, परंतु कंटाळलेला घोडा लाकूड कुरतडतो आणि त्यातील विष त्याच्या पोटात जाऊ शकते. अमेरिकेत घरगुती वापरासाठी अशा लाकडाचे उत्पादन 2003 च्या अखेरीस थांबले. जुन्या रंगांतील शिशाची गोष्ट तीच आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्यामुळे जुन्या क्लबमधून स्वस्तात आणलेले पट्ट्यापट्ट्यांचे दांडे घासून पुन्हा रंगवण्यापूर्वी त्यांचा आधीचा रंग कधीचा आहे हे विचारणे आवश्यक आहे.

महाराष्ट्रात पुण्याभोवतीच्या खासगी मैदानांवर हा प्रश्न हवामानामुळे अधिक अवघड होतो. चार महिने पाऊस, नंतर कडक ऊन, आणि जमिनीत वाळवी. निलगिरीचा वासा सहज मिळतो, पण तो पाइनपेक्षा बराच जड असतो आणि वाळताना वाकतो व तडकतो. बांबू हलका असला तरी फुटल्यावर त्याच्या धारदार चिरफळ्या होतात, म्हणून तो उडीच्या दांड्यासाठी वापरू नये. अतिनील किरणांपासून संरक्षण नसलेली साधी पाण्याची पीव्हीसी नळी दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होते आणि तिचेही तसेच तुकडे होतात. लाकडी दांडा जमिनीपासून उचलून, ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवून रचला तर बराच काळ टिकतो. टोके दर पावसाळ्याआधी रंगाने बंद करावी लागतात, कारण पाणी प्रथम तेथूनच शिरते.

खांबांच्या बाबतीत अॅल्युमिनियम आणि साच्यात ओतलेले प्लॅस्टिक यांनी बऱ्याच ठिकाणी लाकडी पंखांची, म्हणजे दांड्याच्या दोन्ही टोकांना उभ्या केलेल्या रुंद चौकटींची, जागा घेतली आहे, आणि दोन्ही लाकडापेक्षा हलके असल्यामुळे घोडा आदळला तर खांबही सरकतो. मात्र खांबावरील भोकांचा व्यास आणि त्यांतील अंतर दोन उत्पादकांचे सारखे असेलच असे नाही. म्हणून खांब आधी आणि कप नंतर असा खरेदीचा नेहमीचा क्रम उलटा करावा: मागच्या दांड्यासाठी सुटणारा कप प्रथम निवडावा, तो ज्या खांबावर बसतो तोच खांब घ्यावा, आणि ऑक्सर दोन्ही बाजूंनी उडवण्याची सवय असेल तर ती सोडावी, कारण सुरक्षा-कप मागच्या बाजूलाच बसवलेला असतो आणि उलट्या दिशेने येणाऱ्या घोड्यासाठी तीच बाजू पुढची होते.