प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब: नेमलेलं कोणतं, बंदी घातलेलं कोणतं?

मी भाषांतरं तपासायचं काम करते. मध्यंतरी एका मजकुरात वाक्य आलं: ‘खाडिलकरांचं कीचकवध हे मुंबई सरकारने १९१० साली नेमलेलं नाटक होय.’ वाचता वाचता थबकले. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला कीचक म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यात गांजलेला देश, हे प्रेक्षकांना समजावून सांगावं लागत नव्हतं. सरकारलाही ते उमगलं आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. असलं नाटक तेच सरकार नेमेल कशाला? मूळ इंग्रजी पान काढून पाहिलं. तिथे स्पष्ट ‘प्रोस्क्राइब्ड’ छापलं होतं. भाषांतर करणाऱ्या मुलीने ते ‘प्रिस्क्राइब्ड’ असं वाचलं होतं.

तिला दोष द्यावासा वाटला नाही. दोन्ही शब्द पी-आरने सुरू होतात, दोन्हींचा शेवट ‘स्क्राइब’. बोलताना जोर या शेवटच्या भागावर पडतो आणि सुरुवातीचा स्वर बराचसा गिळला जातो. त्यात एक शब्द आपल्या रोजच्या ओळखीचा आणि दुसरा वर्षातून एखादवेळी दिसणारा. मग डोळा ओळखीचाच शब्द वाचतो.

ओळखीचा आहे तो प्रिस्क्राइब. डॉक्टर औषध लिहून देतात ते प्रिस्क्रिप्शन, आपण त्याला साधं ‘चिठ्ठी’ म्हणतो. त्या चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात एक आर असतो, त्याच्या पायाला काट मारलेली. ती खूण ‘रेसिपे’ या लॅटिन शब्दाची, म्हणजे ‘घे’. डॉक्टरांनी आधी लिहायचं, रोग्याने मग तसं वागायचं. प्रिस्क्राइबचा मूळ अर्थही हाच आहे: ‘प्राए’ म्हणजे आधी, ‘स्क्रिबेरे’ म्हणजे लिहिणं. विद्यापीठ पुस्तक नेमतं, कायदा अर्जाचा नमुना ठरवून देतो, तिथेही हेच क्रियापद लागतं. मराठीत त्याला नेमका शब्द आहे, ‘विहित’. नोकरीच्या जाहिरातीत ‘विहित नमुन्यात, विहित मुदतीत अर्ज करावा’ असं आपण कितीदा वाचतो, तोच हा शब्द.

प्रोस्क्राइबची गोष्ट याहून काळी आहे, आणि ती ठाऊक असली की हा शब्द चुकत नाही. ‘प्रो’ म्हणजे पुढे, समोर. प्रोस्क्राइब म्हणजे लोकांसमोर लिहून लावणं, जाहीर करणं. यात बंदीचा मागमूसही नाही. प्राचीन रोममध्ये घर किंवा जमीन विकायची असली की नोटीस लावत, तिलाही हेच क्रियापद होतं. मग इसवी सनपूर्व ८२ मध्ये रोमन सेनापती सुल्ला यादवी युद्ध जिंकून रोममध्ये आला आणि त्याने आपल्या शत्रूंच्या नावांच्या याद्या भर चौकात लावल्या. प्लूटार्क या ग्रीक चरित्रकाराने लिहून ठेवलंय की पहिल्या यादीत ८० नावं होती, एक दिवस सोडून आणखी २२० आली. यादीतल्या माणसाला कुणीही मारावं आणि बक्षीस घ्यावं. त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्यूची शिक्षा. मालमत्ता जप्त होऊन लिलावात जायची, मुला-नातवांचे हक्कसुद्धा काढून घेतले जायचे.

आपल्याकडे ‘यादीत नाव लागलं’ म्हटलं की पेढे वाटतात. त्या चौकात आपलं नाव शोधणाऱ्या माणसाचे पाय कसे लटपटले असतील याची कल्पना करून पाहा. पुढे इसवी सनपूर्व ४३ मध्ये अँटनी, ऑक्टेव्हियन आणि लेपिडस या रोमच्या तीन सत्ताधाऱ्यांनी पुन्हा अशाच याद्या काढल्या. त्यांत सिसेरो या वक्त्या-लेखकाचं नाव होतं. त्याला ठार करून त्याचं डोकं आणि लिहिणारे हात रोममधल्या भाषणाच्या व्यासपीठावर टांगले गेले. ‘जाहीर लिहिणं’ या साध्या शब्दाला रक्ताचा डाग लागला तो इथे. इंग्रजीत येईपर्यंत त्याची धार थोडी बोथट झाली आणि ‘कायद्याबाहेर टाकणं, बंदी घालणं’ हा अर्थ उरला. ब्रिटनच्या २००० सालच्या दहशतवादविरोधी कायद्यात बंदी घातलेल्या संघटनांना ‘प्रोस्क्राइब्ड’च म्हटलंय. इंग्रज सरकारने इथली जी पुस्तकं जप्त केली त्यांनाही हाच शब्द लागला. १९१० साली जप्त झालेलं गांधीजींचं गुजराती ‘हिंद स्वराज’ त्यांतलंच.

मराठीत याला ‘निषिद्ध’. धर्मशास्त्राने विहित कर्म आणि निषिद्ध कर्म अशी जोडी आपल्या हाती आयतीच दिली आहे. मला तर इंग्रजी कोशातल्या व्याख्यांपेक्षा हीच जोडी लवकर उपयोगी पडते. शंका आली की मनात विचारायचं: इथे विहित बसतं का निषिद्ध? दोन्ही शब्द एकाच वाक्यात येऊ शकतात, तेव्हा तर हे फार कामाला येतं. कायदा चोरीला प्रोस्क्राइब करतो आणि चोरीसाठी शिक्षा प्रिस्क्राइब करतो. चोरी निषिद्ध, शिक्षा विहित. इथे अदलाबदल झाली तर चोरी करणं कर्तव्य होऊन बसेल.

वकिलांच्या तोंडी मात्र प्रिस्क्रिप्शनला एक तिसराच अर्थ असतो, तिथे औषधाची चिठ्ठी शोधू नये. दुसऱ्याच्या शेतातून तुम्ही २० वर्षं उघडपणे, हक्काने, विनाअडथळा ये-जा केलीत, तर १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार त्या वाटेवर तुमचा हक्क तयार होतो. जमीन सरकारी असेल तर ३० वर्षं लागतात. गावात याला वहिवाट म्हणतात, कायद्याच्या मराठीत चिरभोग. या अर्थात मात्र प्रोस्क्रिप्शनची गल्लत सहसा होत नाही.

त्या मुलीला मी सुल्लाच्या याद्यांची गोष्ट सांगितली. तिने काही न बोलता पेन घेतलं, ‘नेमलेलं’वर आडवी रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘बंदी घातलेलं’. मग मागची सगळी पानं चाळून आणखी दोन ठिकाणी तीच दुरुस्ती केली.