जीएलपी-१ औषधे

जीएलपी-१ औषधे : आतड्यात तयार होणाऱ्या ‘ग्लुकागॉनसदृश पेप्टाइड-१’ (इंग्रजी संक्षेप जीएलपी-१; पेप्टाइड म्हणजे अमिनो अम्लांची छोटी साखळी) या संप्रेरकासारखे काम करणारा औषधगट. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहासाठी तो २००५ पासून, तर स्थूलतेसाठी २०१४ पासून मान्यताप्राप्त आहे. लिराग्लुटाइड (रोजचे इंजेक्शन) आणि सेमाग्लुटाइड (आठवड्याचे इंजेक्शन, गोळीही) ही या गटातील मुख्य औषधे. टिर्झेपॅटाइड हे जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाच्या ग्राहींवरही काम करत असल्याने काटेकोरपणे वेगळ्या वर्गात मोडते; व्यवहारात मात्र ते याच गटात धरले जाते.

शोधाचा इतिहास : आतड्यातून निघणारा एखादा पदार्थ स्वादुपिंडाला चेतवत असावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीची. १९०६ मध्ये लिव्हरपूल येथे मूर व सहकाऱ्यांनी लहान आतड्याचा अर्क मधुमेही रुग्णांना देऊन पाहिला होता. ‘इन्क्रेटिन’ (इन्शुलिन स्रवविणारे आतड्यातील संप्रेरक) ही संज्ञा बेल्जियन शरीरक्रियावैज्ञानिक ज्यां ला बार यांची. तिचे वर्ष काही ग्रंथांत १९२९, तर बहुतेकांत १९३२ असे आढळते. पुढे ही कल्पना मागे पडली. रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत हाती आल्यावर १९६४ मध्ये असे दिसले, की तोंडाने दिलेली साखर शिरेतून दिलेल्या साखरेपेक्षा कितीतरी अधिक इन्शुलिन स्रवविते. पहिले इन्क्रेटिन, म्हणजे जीआयपी, १९७० च्या सुमारास वेगळे करण्यात आले.

जीएलपी-१ नेमके कोणी शोधले, याविषयी मतभेद आहेत. जोएल हॅबनर यांच्या बॉस्टनमधील प्रयोगशाळेने १९८२ मध्ये अँग्लर माशाच्या ग्लुकागॉन (रक्तातील साखर वाढविणारे संप्रेरक) जनुकात एका नव्या पेप्टाइडची चाहूल घेतली. पाठोपाठ सस्तन प्राण्यांच्या जनुकात अशी दोन पेप्टाइडे आढळली. परंतु जनुकावरून वाचलेला ३७ अमिनो अम्लांचा पूर्ण रेणू जवळजवळ निष्क्रिय असतो. त्याचा ७ ते ३७ क्रमांकांच्या अमिनो अम्लांचा तुकडाच क्रियाशील असावा, हे ओळखून तो कृत्रिमरीत्या बनविण्याचे आणि आतड्यात तो खरोखर आढळतो हे दाखविण्याचे काम रसायनवैज्ञानिक स्वेतलाना मोयसोव यांनी केले (१९८६). १९८७ मध्ये बॉस्टन येथील दोन शोधनिबंध (एकात मोयसोव, दुसऱ्यात डॅनियल ड्रकर प्रमुख), कोपनहेगन येथे येन्स यूल होल्स्ट यांचे डुकराच्या आतड्यावरील काम आणि लंडनमधील मानवी प्रयोग हे सर्व काही महिन्यांच्या अंतराने प्रसिद्ध झाले. आरंभीच्या पेटंटांवर एकट्या हॅबनर यांचे नाव होते. मोयसोव यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यावर काहींवर त्यांचेही नाव घालण्यात आले. २०२१ चा कॅनडाचा गेर्डनर पुरस्कार ड्रकर, हॅबनर व होल्स्ट यांना मिळाला. २०२४ चा लास्कर पुरस्कार हॅबनर, मोयसोव आणि लिराग्लुटाइड घडविणाऱ्या लॉटे बियेर क्नुडसेन यांना. सगळे श्रेय एका प्रयोगशाळेला देणे अवघड आहे. तथापि क्रियाशील तुकडा ओळखण्याचा मान मोयसोव यांना देणे कागदपत्रांना अधिक धरून वाटते.

नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात एक-दोन मिनिटेच टिकते, त्यामुळे औषध म्हणून ते निरुपयोगी होते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन एंग यांना हीला मॉन्स्टर या वाळवंटी सरड्याच्या विषात जीएलपी-१शी सुमारे निम्मे साम्य असणारे, पण टिकाऊ पेप्टाइड सापडले. त्यावरून एक्झेनाटाइड हे या गटातील पहिले औषध तयार झाले. ‘ओझेम्पिक सरड्याच्या विषापासून बनते’ हे विधान वारंवार वाचायला मिळते, ते बरोबर नाही. ओझेम्पिक या व्यापारी नावाच्या औषधातील सेमाग्लुटाइडची घडण मानवी रेणूवर बेतलेली असून मेदाम्लाची शेपटी जोडल्याने ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते. त्याचे अर्धायुष्य (रक्तातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सुमारे एक आठवडा आहे.

कार्य : ही औषधे रक्तातील साखर वाढलेली असतानाच इन्शुलिन स्रवण्यास चालना देतात आणि जठर रिकामे होणे लांबवितात. वजन घटण्याचे कारण पूर्वी मुख्यत्वे जठरात शोधले जाई. तो परिणाम काही आठवड्यांनी ओसरत असल्याने आता मेंदूतील भुकेच्या केंद्रांवरील क्रियेला अधिक महत्त्व दिले जाते.

परिणामकारकता : २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेमाग्लुटाइड (आठवड्याला २.४ मिग्रॅ.) घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के घटले. तुलनेसाठी औषधविरहित इंजेक्शन (प्लॅसिबो) घेणाऱ्यांचे २.४ टक्के. टिर्झेपॅटाइडच्या सर्वाधिक मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के घट झाली. दोन्ही चाचण्यांत सर्व गटांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शनही होते, हे बातम्यांत सहसा गळते. सेमाग्लुटाइड थांबविल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश परत आले. म्हणून स्थूलता हा दीर्घकालीन आजार मानून उपचार आखावेत, असा तज्ज्ञांचा कल आहे.

दुष्परिणाम व दक्षता : मळमळ, उलट्या, जुलाब, बद्धकोष्ठता हे नेहमीचे, मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवितात ती यासाठीच. पित्तखडे व स्वादुपिंडदाह क्वचित होतात. पोटात सतत तीव्र दुखून ते पाठीकडे जात असल्यास औषध थांबवून तातडीने डॉक्टरांना दाखवावे लागते. उंदीर-घुशींत थायरॉइडच्या विशिष्ट गाठी आढळल्याने मेड्युलरी थायरॉइड कर्करोगाचा स्वतःचा वा कौटुंबिक इतिहास असणाऱ्यांना ही औषधे देत नाहीत. माणसांत हा धोका सिद्ध झालेला नाही. सेमाग्लुटाइडमुळे दृष्टिचेतेला (डोळ्यापासून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला) इजा होऊन दृष्टी जाण्याचा धोका अतिशय विरळ (दहा हजारांत फार तर एक) असल्याचे युरोपीय औषध नियामकाने जून २०२५ मध्ये म्हटले. गर्भधारणेचा विचार असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करतात. टिर्झेपॅटाइडने गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होऊ शकतो. भूल द्यायची असल्यास भूलतज्ज्ञाला या औषधाची कल्पना द्यावी लागते, कारण उपाशी असूनही जठरात अन्न उरलेले असू शकते. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गोळ्या चालू असल्यास साखर फार खाली जाण्याची शक्यता वाढते.

भारतातील स्थिती : सेमाग्लुटाइडची गोळी २०२२ मध्ये, तर टिर्झेपॅटाइड मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. औषध कोणाला द्यावे हे ठरविण्याचा ३० (सहव्याधी असल्यास २७) हा बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन दाखविणारा निर्देशांक) प्रामुख्याने पाश्चात्त्य चाचण्यांतून आलेला आहे. वरील २०२१ च्या चाचणीत सुमारे तीन-चतुर्थांश सहभागी गौरवर्णीय होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना करून दाखविले, की दोघांचा बीएमआय २२.३ असूनही मेदाचे प्रमाण अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होते. भारतीयांसाठी स्थूलतेची रेषा २५ वर ओढण्यामागे अशी निरीक्षणे आहेत. या खालच्या रेषेवर औषधाचे दीर्घकालीन लाभ-हानी दाखविणारा पुरावा तुटपुंजा आहे.

मागणीबरोबर बनावट मालही वाढला. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये ब्राझील, ब्रिटन व अमेरिकेत सापडलेल्या बनावट सेमाग्लुटाइडविषयी इशारा दिला. अमेरिकेत कुपीतून सिरिंजमध्ये औषध ओढताना पाच ते वीस पट मात्रा घेतली गेल्याच्याही नोंदी आहेत. भारतात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतात. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत स्थूलतेचा समावेश असल्याने ती बरी करण्याच्या औषधाची जाहिरात लोकांसाठी करता येत नाही. समाजमाध्यमांवरील ‘नैसर्गिक जीएलपी-१’ चूर्णे पाहता हे कलम बहुधा विस्मरणात गेले असावे. दुष्परिणामांची नोंद रुग्ण स्वतःही गाझियाबाद येथील भारतीय औषधकोश आयोगाकडे १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर करू शकतात.