नाकाला न कळणारा धोका

बाथरूमचं दार बंद, खिडकी बंद, आत गॅसवर चालणारा गीझर सुरू. थोड्या वेळाने डोकं जड होतं. अंघोळ करणाऱ्याला वाटतं, वाफेने गरगरलं असेल. तो जरा टेकतो. मग उठायला जातो, तर पायांत बळच नाही. दाराची कडी हातभर अंतरावर दिसत असते, पण तिथवर पोहोचता येत नाही.

या सगळ्या वेळात बाथरूममध्ये कसलाही वास नसतो. गॅस गळत असता तर लगेच कळलं असतं. खरं तर स्वयंपाकाच्या गॅसलाही स्वतःचा उग्र वास नसतो. गळती ओळखता यावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टनसारखं दर्प असलेलं रसायन मुद्दाम मिसळतात. त्या वासाची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की वास नाही म्हणजे गॅसचा धोका नाही, असं आपण धरूनच चालतो. पण गॅस जळतो तेव्हा ते रसायनही जळून जातं. कोंडलेल्या खोलीतला ऑक्सिजन कमी होऊ लागला, की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची चुरचुर नाही, ठसकाही लागत नाही.

रक्तातल्या हिमोग्लोबिनचं काम ऑक्सिजन वाहून न्यायचं. कार्बन मोनॉक्साइड मात्र त्याला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. शिवाय उरलेला ऑक्सिजनही रक्तातून पेशींकडे सहज सुटत नाही. म्हणजे छाती नीट वरखाली होते आहे, श्वास चालू आहे आणि मेंदू, हृदय मात्र उपाशी आहेत. जे. एस. हाल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने 1895 मध्ये हा वायू स्वतः हुंगून शरीरात काय काय होतं ते नोंदवलं. छोट्या प्राण्यांवर त्याचा परिणाम माणसाआधी दिसतो, हे ओळखून खाणीत असे प्राणी सोबत न्यावेत असं त्याने सुचवलं. पुढे कित्येक वर्षं खाणकामगार पिंजऱ्यातला कॅनरी हा छोटा पक्षी घेऊन खाली उतरत.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरची. घरोघरी आता तो असतो. पण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं हिमोग्लोबिन त्याला जवळपास ऑक्सिजनने भरलेल्यासारखंच दिसतं. माणूस गुदमरत असताना पडद्यावर 98 टक्के असा आकडा दिसू शकतो. कृपा करून त्या आकड्यावर विसंबून थांबू नका. ताप नसताना घरातल्या दोघातिघांचं एकदमच डोकं दुखू लागलं, मळमळू लागलं, बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरं वाटलं आणि घरात परतताच पुन्हा तेच सुरू झालं, तर संशय घ्यायलाच हवा. सगळ्यांना बाहेर काढायचं आणि दवाखाना गाठायचा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात, मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण दीड तास. गरोदर बाईच्या बाबतीत जराही वेळ दवडू नये, कारण बाळाचं हिमोग्लोबिन हा वायू आणखी घट्ट धरून ठेवतं.

थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडीही तितकीच घातक. लाल निखाऱ्यांतून धूर निघत नाही, म्हणून ती निर्धोक वाटते. बर्नरची निळी ज्योत पिवळी पडून काजळी धरू लागली असेल, तर ज्वलन बिघडलं आहे असं समजावं. गीझर बाथरूमच्या बाहेर बसवलेला सगळ्यात चांगला, आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा अलार्म मिळतो, तो घ्यावा.

एक धोका असाही आहे, की त्याला वास असतो आणि तरी आपण त्याला हाकलत नाही. ब्लीच आणि अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र आलं, की क्लोरीन वायू सुटतो. नाक झोंबतं, खोकला येतो, आणि आपल्याला वाटतं आता कुठे लख्ख निघतंय! दोन बाटल्या एकाच वेळी कधीच उघडू नयेत.

आणि लहान मूल असलेल्या घरात बटण सेल. रिमोट, वजनकाटा, गाणं वाजवणारं ग्रीटिंग कार्ड यांत तो असतो. 20 मिलिमीटरचा चकचकीत लिथियम सेल बाळाच्या अन्ननलिकेत नेमका अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांत आतलं मऊ अस्तर गंभीरपणे भाजू शकतं. सेल फुटावा लागत नाही. मूल सुरुवातीला फक्त लाळ गाळतं, खायला नको म्हणतं, किरकिरतं. साधी सर्दी असेल म्हणून रात्र काढली जाते, तिथेच घात होतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक एक्स-रे काढून घ्यायचा. उलटी काढायला लावायची नाही. रिमोट चालेनासा झाला म्हणून काढलेल्या सेलमध्येही एवढी वीज शिल्लक असते. तो टेबलावर क्षणभरही ठेवू नये. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, मुलाचा हात पोहोचणार नाही अशा झाकणाच्या डब्यात टाकावा.